दलदल, लघुयुद्धखेळातील

टेबलावर सैनिकांच्या छोट्या मूर्ती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळात पाणथळ जमीन दाखवणारा सुटा देखावा. एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकात ज्याचे नियम मांडले, त्या छंदात दलदलीचे काम वाट अडवण्याचे. बहुतेक नियमावल्यांनुसार तिच्यात शिरलेल्या पलटणीचा वेग घटतो. हलक्या पायदळाचे त्यातल्या त्यात निभावते, घोडदळाचे नाही. काही लढायांना तर ती लागतेच : इ. स. ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या जंगलात जर्मानिक टोळ्यांनी रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजन (सैन्यदले) नष्ट केल्या. त्या लढाईचे बहुमान्य स्थळ असलेले जर्मनीतले काल्क्रीझ हे टेकडी आणि दलदल यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे. ही लढाई दलदलीवाचून मांडण्यात अर्थ नाही.

२८ मिमी. उंचीच्या मूर्तींसाठी साधारण ३ मिमी. जाडीच्या एमडीएफचा (लाकूडतंतूंच्या दाबीव फळीचा) वेडावाकडा तुकडा कापतात व त्याच्या कडा तासून उतरत्या करतात. ओल्या गोंदाने तो वाकतो, म्हणून आधी दोन्ही बाजूंनी रंगवून घेणे बरे. पांढऱ्या गोंदावर वाळू पसरून काठ व उंचवटे करतात. मधली डबकी सपाटच ठेवतात, नाहीतर मूर्ती कलंडतात. खोलीचा भास रंगाने आणायचा असतो : मध्यभागी जवळजवळ काळा, मग तपकिरी, काठाशी शेवाळी हिरवा. रंग ओले असतानाच त्यांच्या सीमा पुसून टाकाव्यात. निळा रंग मात्र हमखास फसतो, त्याने दलदलीचा तलाव होतो.

लव्हाळ्यासाठी काथ्याच्या पायपुसण्यातले तंतू उत्तम. चिमूटभर तंतूंची जुडी गोंदात बुडवून बारीक भोकात रोवतात आणि सुकल्यावर शेंडे कमीजास्त कातरतात. चहाचा वाळवलेला चोथा कुजक्या पाल्यासारखा दिसतो.

पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन किंवा चकचकीत व्हार्निश वापरतात. रेझिन जाड ओतले तर तापते, कधी तडकते. शिवाय ते लव्हाळ्याच्या काड्यांवर चढते आणि बारीकशा फटीतूनही गळते. प्रदर्शनातल्या देखाव्याला त्याची पारदर्शक खोली शोभते. रोजच्या खेळासाठी मात्र व्हार्निशचे तीन-चार हात, प्रत्येक हात पुरता वाळवून, अधिक भरवशाचे : ओरखडा उठला तर आणखी एक हात देता येतो. लव्हाळे काठालगत लावून मध्ये पलटण उभी राहील एवढी जागा मोकळी सोडावी. दलदल डबक्यापुरती धरायची की तुकड्याच्या कडेपर्यंत, हे खेळाडूंनी पहिल्या चालीआधी ठरवून घ्यावे.