मान्यतेआधीची पदवी

आपल्या बॅचच्या मुली इंजिनिअरिंगला गेल्या तेव्हा फारसे कुणी नाक मुरडले नाही. म्हणूनच एस.एन.डी.टी. विद्यापीठाची ही हकीकत.

फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेल्या अण्णासाहेब कर्व्यांना जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचायला मिळाली आणि १९१६ साली पुण्यात त्यांनी तसेच विद्यापीठ काढले. वय ५८, कॉलेजात विद्यार्थिनी पाच! शिक्षण मातृभाषेतून, पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. सरकारी मान्यता नाही. अशी पदवी घ्यायला मुलीइतकेच तिच्या घरच्यांनाही धाडस लागत असणार. १९१९ साली वरूबाई शेवडे पहिल्या पदवीधर झाल्या.

पैसा लोकांचाच. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले. विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव मिळाले. पण मला जास्त जवळच्या वाटतात पार्वतीबाई आठवले, कर्व्यांच्या मेहुणी. कर्व्यांच्या आश्रमासाठी वर्गणी मागत फिरणाऱ्या या विधवा बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेत गेल्या, लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. पुढे इरावतीबाई कर्वे इथे रजिस्ट्रार होत्या.

विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळाला १९५१ साली. वरूबाईंच्या पदवीला तेव्हा ३२ वर्षे झाली होती.