ध्वनिमुद्रिका आणि तिचे धनी

पैठणच्या एकनाथांची भारुडे आणि गौळणी गेली चारशे वर्षे मराठवाड्यातल्या लोकांच्या तोंडी आहेत. विसाव्या शतकात अशा संतरचनांना आणखी एक वाट सापडली. गायक मुंबईत गाई, त्याचा आवाज मेणाच्या चकतीवर उमटे, त्यावरून कलकत्त्याच्या कारखान्यात तबकड्या छापल्या जात, आणि फोनोच्या पेटीत बसून तेच शब्द पुन्हा आपल्या गावी येत. या वाटेवर एक नाका होता आणि नाक्यावर कंपनी बसलेली होती. कोणाचा आवाज पुढे सोडायचा आणि कोणाचा नाही, हे ती ठरवी. आज या कंपनीची हकीकत पाहू.

तबकडीवर वाजणारा ग्रामोफोन एमिल बर्लिनर याने १८८७ साली काढला. १८९८ साली लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी निघाली आणि चारच वर्षांनी, म्हणजे १९०२ च्या नोव्हेंबरात, तिचा फ्रेड गायसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्यास येऊन ध्वनिमुद्रण करू लागला. गौहरजान या प्रसिद्ध गायिकेने त्याच्या कर्ण्यात तोंड घालून गाणे म्हटले. गाणे संपताच तिने स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितले. त्या काळी अनेक गायक असेच करीत. आता तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार? तर तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हानोफर शहरात. तिथल्या कामगारांना आपले सूर काय कळणार! आवाज कोणाचा हे कळावे म्हणून नावच तबकडीत घालीत.

बरे, ही तबकडी कशाची, ठाऊक आहे? लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी. लाख मुख्यतः आपल्याच देशातली, छोटा नागपूरच्या रानातली. म्हणजे माल आपला, गळा आपला, ऐकणारे आपण. आणि धनी लंडनचा.

१९०८ साली कंपनीने कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना घातला, पुढे १९२८ साली दमदमला मोठा. बाकीच्या कंपन्या मागे का पडल्या, याचे उत्तर बरेचसे येथेच आहे. जर्मनीच्या ओडियन कंपनीनेही आपल्या गायकांच्या तबकड्या काढल्या होत्या. पण १९१४ साली महायुद्ध पेटले आणि जर्मन मालाची वाट बंद झाली. ज्याचा कारखाना इथे, त्याचा बाजार इथे, असा हा साधा हिशेब झाला. १९३१ साली लंडनच्या दोन मोठ्या कंपन्या एकत्र होऊन ई.एम.आय. हा संघ झाला, आणि 'कुत्रा छाप' एच.एम.व्ही. त्याच्या छत्राखाली आली.

त्याच छत्राखाली चीनमधल्या शांघायची पाथे कंपनीही आली. तिच्या तबकड्यांवर कुत्र्याऐवजी कोंबडा असे. चिनी सिनेगीतांचा मोठा व्यापार तिच्या हाती होता. आज चीनचे राष्ट्रगीत असलेले गाणे १९३५ साली एका चित्रपटासाठी रचले गेले, त्याचे ध्वनिमुद्रण याच पाथे कंपनीने केले. देशाचे गाणे देशाचे, पण ते साठवण्याचे यंत्र परक्याचे. ही गोष्ट काही आपल्यापुरतीच नव्हती.

याला स्वदेशी उत्तर देण्याचा प्रयत्न मुंबईत झाला. १९३५ साली 'यंग इंडिया' नावाच्या तबकड्या निघू लागल्या. मोठ्या कंपनीचे दार न उघडलेल्या कितीतरी नव्या गायकांना तेथे जागा मिळाली. सुमारे वीस वर्षे हा उद्योग चालला आणि मग थांबला.

कंपनीने आपल्या संगीताचे काय केले? पहिली गोष्ट, तिने ते कापले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे. जो ख्याल मैफलीत तासभर चाले, तो तीन मिनिटांत आटोपायचा. नाटकातली पदे मात्र या मापात बसवता आली. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचे आवाज म्हणूनच नाटकगृहाचे तोंड न पाहिलेल्या गावीही पोचले.

दुसरी गोष्ट, याच मापातून नवे काही वाढले. नागपूरचे वकील गोविंद जोशी, म्हणजेच जी. एन. जोशी, यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गायिली. तिची तबकडी घरोघर गेली आणि मराठी भावगीताला बहर आला. लहान कविता आणि लहान तबकडी यांचे चांगले जमले. हेच जोशी १९३८ साली कंपनीत अधिकारी झाले आणि पुढे कित्येक थोर कलावंतांचे ध्वनिमुद्रण त्यांनी घडवून आणले. जाणकार माणूस नाक्यावर बसला की माल कसा पारखून पुढे जातो, ते यावरून दिसते.

पण जे गेले ते गेले. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. ध्वनिमुद्रणाची सोय देशात वीस वर्षे होती, तरी त्यांची एकही तबकडी आपल्याला ऐकायला मिळत नाही. एवढ्या मोठ्या गवयाची ही गत, तर जात्यावरच्या माऊलीला कोण विचारतो?

पैशाचेही सांगायला हवे. नवख्या गायकाला बहुधा एकरकमी बिदागी मिळे, मग तबकडी शंभर खपो की लाख. गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला हक्क कोणालाही लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद कायद्यात आली ती थेट २०१२ साली.

कंपनीची मक्तेदारी मोडली ती कॅसेटने. १९८० नंतर स्वस्त कॅसेटी आल्या, छोटे छोटे उत्पादक उभे राहिले. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते बाजारात, जत्रेत, जयंतीच्या मंडपात, एस.टी. स्टँडवरच्या टपरीत वाजू लागली. मोठ्या कंपनीला जो श्रोता दिसला नव्हता, तो छोट्यांना दिसला. पुढे २००० साली त्या जुन्या कंपनीने नावही बदलले आणि ती 'सारेगामा' झाली.

आणि जात्यावरची माऊली? तिच्यासाठी कंपनी आली नाही, माणसे आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. त्यांत नफा कोणाचाच नव्हता, पण ठेवा सगळ्यांचा झाला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता यंत्र परक्याचे राहिलेले नाही. ते तुमच्या खिशात आहे. मुलांना सांगा, घरच्या माळ्यावर जुनी तबकडी असेल तर ती उभी ठेवा, उन्हापासून दूर ठेवा, आणि स्पिरिटने मुळीच पुसू नका, कारण लाख त्यात विरघळते. गावात ओवी, भारूड, वासुदेवाचे गाणे येणारे कोणी असेल तर त्यांच्या परवानगीने ते मोबाइलवर घ्या. आणि गाणे संपले की त्यांच्याच तोंडून नाव, गाव आणि तारीख वदवून घ्या. गौहरजानने आपले नाव सांगितले ते परक्या कारखान्यासाठी. आपल्या आजीने आपले नाव सांगावे ते नातवंडांसाठी. तेवढे झाले नाही, तर आवाज उरेल आणि तो कोणाचा हे सांगणारे कोणी उरणार नाही.