सालबाईचा तह : अनिश्चित काळातील मराठी मुत्सद्देगिरी

अनिश्चित जागतिक परिस्थितीत राज्याने मित्र कसे जोडावेत आणि कसे टिकवावेत, हा आजचा प्रश्न १७७९ मध्ये पुणे दरबारापुढेही उभा होता. त्या वर्षी जानेवारीत वडगाव येथे इंग्रजांनी केलेला नामुष्कीचा करार वॉरन हेस्टिंग्जने नाकारला. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात उतरल्याने इंग्रजांचे सामर्थ्य विभागले गेले होते. ही संधी हेरून नाना फडणवीसांनी निजाम, नागपूरकर भोसले आणि मराठ्यांचा जुना शत्रू हैदरअली यांची इंग्रजांविरुद्ध आघाडी उभारली.

परंतु हेस्टिंग्जने भोसल्यांना पैसा व निजामाला गुंटूर देऊन ती फोडली. अखेर महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. हैदरअलीने जिंकलेला मुलूख पेशव्यांनी त्याला परत करावयास लावावा, असे त्यात कलम होते. नानांनी तहास संमती दिली ती ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदरअलीचे निधन झाल्यानंतरच.

साष्टी गेली, तथापि राघोबादादाचे प्रकरण मिटले आणि इंग्रजांशी सुमारे वीस वर्षे शांतता राहिली. यावरून असे दिसून येते की, केवळ समान शत्रूच्या आधारे उभारलेली आघाडी टिकत नाही. त्यासाठी प्रत्येक मित्राच्या हिताची हमी द्यावी लागते.