एम्प्रेस : मिल ते मॉल

या स्मरणिकेची पहिली बैठक कुठे घ्यायची, असा प्रश्न आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निघाला तेव्हा कुणीतरी लिहिलं, “एम्प्रेसला भेटू.” मी नोकरीमुळे गेली वीस वर्षं पुण्यात. डोक्यातलं नागपूर अजून १९९५ चंच, दहावीच्या वर्षाचं. मी विचारलं, “मिलच्या कुठल्या गेटवर?” मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एका मित्राने मात्र काहीच टाकलं नाही. त्याचे बाबा मिलमध्ये होते. माझे आजोबाही होते. संपादक मंडळाने “तू काहीतरी लिही” म्हटलं, तेव्हा विषय शोधावा लागला नाही.

१८७४ साली जमशेटजी टाटांनी पंधरा लाख रुपये भांडवलावर कंपनी काढली. तिचं नाव होतं सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. कुठल्या नागपूरकराच्या तोंडी हे नाव बसलं असतं? गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात लॉर्ड लिटनने व्हिक्टोरिया राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून जाहीर केलं. म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. आज आमच्या क्षेत्रात याला ब्रँडिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळा विभाग असतो. जमशेटजींनी तारीख आणि नाव, दोन्ही एका दिवसात साधलं.

गिरणी काढायची तर मुंबईत, असा तो काळ. नागपूर निवडलं कारण कापूस इथल्या शेतात, रेल्वे १८६७ पासून दारात आणि कोळसा वरोऱ्याला. जागा मिळाली जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. (हाच शुक्रवारी तलाव, हाच गांधीसागर. जुम्मा म्हणजे शुक्रवारच, त्यामुळे पहिल्या दोन नावांत फक्त भाषा बदलली.) ती दलदल भरून काढताना पाहून इथल्या एका सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिला. हा माणूस सोनं मातीत घालतोय, असं त्याचं म्हणणं. पुढे त्यानेच कबूल केलं की टाटांनी घातली माती आणि काढलं सोनं. जमशेटजींच्या चरित्रात हा किस्सा आहे.

पण राणीचं नाव दिलं म्हणून कुणी सव्वाशे वर्षं ते घेत नाही. त्या नावाला वजन आलं आतल्या कामामुळे. मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता आले रेल्वेतून, कापडाचा अनुभव नसताना. सुताची रिंग फ्रेम इंग्लंडातले गिरणीवालेही अजून बिचकत वापरत होते, तेव्हा ती इथे चालवून पाहिली गेली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. भरपाईचा कायदा देशात झाला १९२३ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. शाळेच्या पुस्तकात आपण टाटा वाचले ते जमशेदपूरच्या पोलादाचे. ही गोष्ट शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडली होती आणि आपल्याला ठाऊक होता फक्त भोंगा. प्रार्थनेला उशीर झाला की नाही, हे आपण त्यावरून ओळखायचो.

१९८६ मध्ये राज्याने कायदा करून मिल ताब्यात घेतली. २००२ मध्ये ती बंद झाली. तोवर आपण कॉलेज संपवून बाहेर पडलो होतो. मी सुट्टीत घरी यायची तेव्हा त्या भिंतीच्या कडेने रात्री रिक्षावाला वेग वाढवायचा. शहराच्या पोटात, स्टेशन आणि बाजाराच्या इतक्या जवळ, एवढी मोठी जागा अंधारात पडली होती.

मग तिथे मॉल आला, राहण्याच्या इमारती आल्या आणि सगळ्याला नाव मिळालं एम्प्रेस सिटी. मला हे नाव नेहमी खटकायचं. ज्यांनी ते मोठं केलं ते बाहेर आणि नाव तेवढं आत, असं वाटायचं. आता तितकं ठाम वाटत नाही. कुठलंही गुळगुळीत विलायती नाव ठेवता आलं असतं, मग कामगाराच्या घराबाहेर मिलचं नाव आज कुणी घेतलंही नसतं. मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स मिलचंही तसंच झालं. नाव राहिलं, धुराडंही राहिलं. आपल्याकडे रस्त्यालाही अजून बेझनजी मेहतांचंच नाव आहे, फक्त ते कोण, हे तिथे पिक्चर बघायला आलेल्या मुलांना कुणी सांगत नाही.

सांगता येतं, हे मी पाहिलंय. कंपनीने मला काही महिने बोस्टनला पाठवलं होतं. तिथून जवळच लोवेल हे जुन्या कापड गिरण्यांचं गाव आहे. गिरण्या बंद पडल्यावर तेही असंच ओस पडलं होतं. १९७८ मध्ये त्यांनी गिरण्यांच्या भागाचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केलं. जुन्या गिरण्यांच्या इमारतींत आता घरं आहेत, आणि बूट मिल नावाच्या गिरणीत संग्रहालय. तिथे मागाच्या खोलीत शिरताना कानात घालायला बोळे देतात, कारण माग खरोखर चालू असतात. काम करणाऱ्या मुली कुठे राहायच्या, त्यांनी १८३४ मध्ये संप का केला, तेही मांडलेलं आहे. संप सांगितला म्हणून गावाचं नाव खराब झालेलं दिसलं नाही. मी बोळे काढून दोन मिनिटं उभी राहिले. आजोबा घरात एवढ्या मोठ्याने का बोलायचे, ते मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी अमेरिकेत कळलं.

बैठक शेवटी मॉलमध्येच झाली. तो मित्र बाबांना घेऊन आला. ते एवढ्या वर्षांत कधी आत गेले नव्हते; त्या दिवशीही त्यांनी वर फूड कोर्टमध्ये यायला नकार दिला. रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले आणि बोटाने दाखवू लागले, “हे गेट. इथे टाइम ऑफिस. तिथून सरळ गेलं की आमचं खातं.” त्यांचं बोट पार्किंगच्या उतारावर थांबलं. मित्र फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करत होता.

संपादकांनी या लेखामागे दोन पानं कोरी ठेवायचं कबूल केलंय. आपल्या बॅचमधल्या ज्यांच्या घरातलं कुणी एम्प्रेस मिलमध्ये होतं, त्यांनी नाव, खातं आणि वर्षं कळवा. बिल्ला किंवा पगाराची चिठ्ठी सापडली तर तिचा फोटोही पाठवा. आजोबांचं मी लिहिलंय : वीव्हिंग, १९४८ ते १९८१.