कोष्टकातील ओळींचे आलटते रंग : सातारा-सांगलीच्या आधारे एक विचार

कोष्टकातील ओळींना आळीपाळीने दोन रंग देण्याची पद्धत आज इतकी रुळली आहे की, तिलाही इतिहास आहे याचा विसर पडावा. संगणकाच्या जुन्या छपाईयंत्रांवर फिकट हिरव्या पट्ट्यांचा सलग कागद वापरीत. तेथे पट्टा कागदाचा होता. मजकूर कोणताही असो, पट्ट्यांचा क्रम चुकत नसे. संकेतस्थळांच्या काळात पट्टा कागद सोडून मजकुराच्या ओळीला चिकटला, आणि दोषांचा उगम तेथेच झाला.

आरंभी प्रत्येक ओळीचा रंग हाताने लिहीत. सातारा जिल्ह्याच्या पर्जन्यमानाचे वर्णानुक्रमे मांडलेले कोष्टक घ्यावे. त्यात महाबळेश्वर आणि माण हे तालुके लागोपाठ येतात; एक अतिवृष्टीचा, दुसरा अवर्षणाचा. वरची एखादी ओळ वाढली वा गळली की रंगांचा क्रम मोडतो, एकाच रंगाच्या दोन ओळी शेजारी येतात आणि दृष्टी घसरून एका तालुक्याचा आकडा दुसऱ्याच्या नावे वाचला जातो. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने ओळीतच रंग लिहिण्याची ही रीत टाळण्याजोगी ठरविली.

पुढे हे काम साचाभाषांकडे आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जँगोच्या साचाभाषेत ‘सायकल’ ही आज्ञा आहे. आवर्तनाच्या प्रत्येक फेरीस ती पुढचा रंग देते. परंतु जिल्ह्यांचे एक आवर्तन व त्याच्या पोटात तालुक्यांचे दुसरे, अशी रचना केली की निराळाच दोष संभवतो. १९४९ साली साताऱ्यापासून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. आज सांगलीत दहा तालुके आहेत, साताऱ्यात अकरा. सांगली आधी मांडल्यास दहा ओळींनंतर साताऱ्याचा आरंभ पहिल्याच रंगाने होतो व दोष झाकला जातो. सातारा आधी मांडल्यास अकराव्या ओळीवर पहिला रंग खर्ची पडतो आणि सांगलीची पहिली ओळ दुसऱ्या रंगाची होते; जिल्ह्याच्या शीर्षकासही तोच रंग असेल तर ती शीर्षकात मिसळून जाते. मोजणी जिल्ह्यागणिक नव्याने सुरू होत नाही, हे त्याचे कारण. तशी सोय करणारी ‘रीसेटसायकल’ ही आज्ञा जँगोत २०१७ साली आली.

२०११ मध्ये प्रमाण ठरलेल्या ‘एन्थ-चाइल्ड’ या निवडसूत्राने रंगाचा भार साच्यावरून शैलीपत्रकावर टाकला. मात्र हे सूत्र वाचकापासून लपविलेल्या ओळीही मोजते. त्यामुळे काही तालुके गाळून पाहताच पट्टे पुन्हा विस्कटतात. केवळ निवडक ओळी मोजण्याची सोय प्रमुख न्याहाळकांत सार्वत्रिक होण्यास २०२३ साल उजाडले.

हे सारे दोष वरवर भिन्न दिसले तरी त्यांचे मूळ एक आहे. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांहून असलेल्या भेदावर उभे असल्याचे प्रतिपादन आहे. ओळीचा रंग हे त्याचे अगदी शुद्ध उदाहरण होय. फिकट रंगाचा अर्थ ‘माण’ नव्हे, गडद रंगाचा अर्थ ‘महाबळेश्वर’ नव्हे; ‘ही ओळ शेजारची नव्हे’ एवढाच त्याचा अर्थ. म्हणून रंग बिघडला असता प्रथम विचारावयाचा प्रश्न हा की, यंत्र जे मोजीत आहे तेच वाचकाच्या दृष्टीस पडत आहे काय.