जर्मन भाषेचें दुसरें वर्ष

वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतला कापूस परदेशीं जाऊं लागला, त्यास दीडशें वर्षें होऊन गेलीं. त्या कापसाच्या मोठ्या खरीददारांत फोल्कार्ट ब्रदर्स ही एक पेढी होती. १८५१ सालीं तिची स्थापना एकाच वेळीं मुंबईस आणि स्वित्झर्लंडमधील विंटरटूर या गांवीं झाली. आणि विंटरटूरची भाषा जर्मन. वऱ्हाडच्या मालाचा जर्मन बोलणाऱ्या व्यापाऱ्यांशीं संबंध आला तो असा. परंतु माल गेला, पैसा आला, भाषा मात्र त्या वाटेनें आली नाहीं. महाराष्ट्रांत जर्मन भाषा आली ती संस्कृताचा हात धरून. ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे शाळांतून जर्मन शिकविण्याविषयीं वेळोवेळीं जो वाद होतो, त्याचें स्वरूप निराळें दिसूं लागतें.

१८५९ सालीं मार्टिन हौग हे जर्मन पंडित पुण्यास संस्कृताचे अध्यापक म्हणून आले. १८६३ सालीं गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत रुजू झाले, आणि १८६६ सालीं फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आले. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनीं ‘बॉम्बे संस्कृत सिरीज’ ही ग्रंथमाला चालू केली. कीलहॉर्न यांनीं पतंजलीचें व्याकरणमहाभाष्य १८८० ते १८८५ या काळांत तीन भागांत संपादून प्रसिद्ध केलें. येथील शास्त्रीमंडळींच्या सहवासांत राहून या विद्वानांनीं आपलें ज्ञान पक्कें केलें, आणि हस्तलिखितें ताडून पाठ निश्चित करण्याची आपली पद्धति त्यांनीं येथें रुजविली. १८८५ सालीं ग्यटिंगेन विद्यापीठानें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस सन्मान्य पदवी दिली. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनीं होती, याचा यापरतां दुसरा पुरावा नको.

मात्र यांतून एक अडचण उत्पन्न झाली. आपल्याच वेदांवर आणि व्याकरणावर लिहिलेलें उत्तमोत्तम साहित्य जर्मन भाषेंत निघूं लागलें. तें वाचल्यावांचून त्याचें खंडन करतां येईना, कीं मंडनही करतां येईना. लोकमान्य टिळकांस १९०८ सालीं मंडालेच्या तुरुंगांत धाडण्यांत आलें, तेव्हां त्यांचें वय बावन्न वर्षांचें होतें. शिक्षक नाहीं, सहाध्यायी नाहीं, संभाषणास कोणी नाहीं; अशा स्थितींत केवळ पुस्तकांच्या साह्यानें त्यांनीं जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कान्ट, शोपेनहौअर, डॉयसन यांचीं मतें पारखून घेतलेलीं दिसतात. परभाषा शिकणें म्हणजे परमताचा दास होणें नव्हे, हें या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावें.

पुढील पिढी प्रत्यक्ष जर्मनीसच गेली. पांडुरंग दामोदर गुणे लाइप्झिगहून तौलनिक भाषाशास्त्र शिकून आले आणि फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापक झाले. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं बर्लिनमध्यें हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखालीं अध्ययन केलें. महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढावी, ही योजना युरोपांतील पंडितांचीच होती. ल्यूडर्स यांनीं १९०८ सालीं तिचा नमुनाही छापला होता. परंतु १९१४ च्या महायुद्धानें ती बारगळली. तें काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें हातीं घेतलें, आणि १९२५ सालीं त्याचें प्रमुख संपादकत्व त्याच ल्यूडर्स यांच्या शिष्याकडे, म्हणजे सुखठणकरांकडे, आलें. १९६६ सालीं तें तडीस गेलें. गुरूच्या देशांत अडलेलें काम शिष्याच्या गांवीं पुरें झालें, असा हा विद्येचा इतिहास आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२१ सालीं बॉन विद्यापीठांत नांव नोंदविलें होतें, आणि त्यासंबंधींचें त्यांचें पत्र त्यांनीं जर्मन भाषेंतच लिहिलें होतें. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळांत बर्लिनला होत्या. मानववंशशास्त्राचे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे होते. मनुष्याच्या कवटीच्या विषमतेचा संबंध वंशाशीं जोडतां येतो काय, हा त्यांच्या प्रबंधाचा प्रश्न होता. इरावतीबाईंनीं मापें घेतलीं, आणि तसा संबंध दिसत नाहीं असा निष्कर्ष गुरूच्या समोर ठेविला. त्या विचारसरणीनें पुढें १९३३ नंतर जो अनर्थ घडविला तो जगास ठाऊक आहे. गेटेनें १७९१ सालीं शाकुंतलाच्या जर्मन भाषांतराचें मनःपूर्वक कौतुक केलें, हें मुलांस सांगावें. पण त्याच भाषेंत वंशद्वेषाचे कायदेही लिहिले गेले, हेंही सांगितलें पाहिजे. संस्कृतीचा धडा अर्धाच शिकविला तर तो केवळ जाहिरात होतो.

वऱ्हाडशीं या इतिहासाचा जो संबंध आहे तो ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या द्वारें. त्यांचें शालेय शिक्षण अमरावतीस झालें, आणि ज्ञानकोशाच्या उद्योगाचा आरंभ त्यांनीं १९१६ सालीं नागपुरांत केला. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई या पूर्वाश्रमींच्या ईडिथ कोन. जन्मानें जर्मनभाषी ज्यू घराण्यांतील. १९२० सालीं त्या केतकरांच्या घरीं आल्या आणि मराठी झाल्या. विंटरनिट्झ या प्राग येथील पंडितानें जर्मनमध्यें लिहिलेल्या हिंदी वाङ्मयेतिहासाचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं केलें, आणि त्याचा पहिला भाग कलकत्ता विद्यापीठानें १९२७ सालीं प्रसिद्ध केला. हिंदुस्थानांतील कित्येक विद्यार्थ्यांस आपल्या वाङ्मयाचा इतिहास कळला तो या बाईंच्या लेखणीनें.

एवढी थोर परंपरा असतां शाळेंतल्या मुलास जर्मन अवघड कां वाटावी? पुण्यामुंबईच्या पुष्कळ शाळांतून आठव्या इयत्तेपासून ही भाषा घेतां येते. पहिल्या वर्षीं नवलाई असते. नमस्कार, नांव, गांव, अंक, वार, रंग, कुटुंबांतील माणसें एवढ्यावर वर्ष सरतें आणि गुणही बरे पडतात. नववींत, म्हणजे दुसऱ्या वर्षीं, विभक्ति येतात, भूतकाळाचें रूप येतें, वाक्यांत क्रियापद इकडचें तिकडे जातें, आणि मुलाचा धीर सुटतो. भाषा टिकते कीं सुटते, याचा निकाल या दुसऱ्याच वर्षीं लागतो.

आणि येथेंच मराठी मुलाजवळ एक मोठें भांडवल आहे, तें शिक्षकानें वापरलें पाहिजे. इंग्रजींत नामांस व्याकरणाचें लिंग उरलेलें नाहीं; मराठींत तो दगड, ती नदी, तें झाड अशीं तीन लिंगें आहेत, आणि जर्मनमध्येंही डेर, डी, डास अशीं तीनच आहेत. जर्मनमध्यें मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून वर्गांत हंशा पिकतो. पण कोंकणांत ‘चेडूं’ नपुंसकलिंगीच आहे, आणि आपल्याकडे लाडानें ‘तें पोर’ म्हणतातच. परक्या माणसास जर्मन ‘झी’ म्हणतात, घरच्यास ‘डू’. ‘झी’ हें मुळांत ‘ते’ या अर्थाचें अनेकवचन. आपल्या आदरार्थी अनेकवचनाशीं त्याचें नातें सहज दाखवितां येतें. ‘कारण’ या अर्थाच्या ‘वाइल’नें वाक्य जोडलें कीं क्रियापद शेवटीं जातें. इंग्रजीच्या संवयीस हें खटकतें, पण मराठींत क्रियापद एरवींही शेवटींच बसतें.

संस्कृत येणाऱ्या मुलास तर याहून अधिक लाभ आहे. ‘शाळेंत जातों’ आणि ‘शाळेंत आहें’ या दोहोंत मराठी प्रत्यय एकच. संस्कृतांत मात्र ‘शालां गच्छति’ आणि ‘शालायाम् अस्ति’ असा भेद आहे. जर्मनमध्येंही जाण्याच्या वेळीं द्वितीया आणि असण्याच्या वेळीं चतुर्थी येते. विभक्तीचें नांव बदललें तरी भेदाचें तत्त्व एकच. ‘उठणें’ यास जर्मन शब्द ‘आउफश्टेहेन’. ‘आउफ’ म्हणजे वर आणि ‘श्टेहेन’ म्हणजे उभें राहणें. ‘श्टेहेन’ आणि ‘स्था’ यांचें मूळ एकच. संस्कृतांत ‘उत्’ आणि ‘स्था’ मिळून ‘उत्तिष्ठति’ होतें, तीच ही घडण. वाक्यांत हें ‘आउफ’ धातूपासून सुटून शेवटीं जाऊन बसतें; आणि वेदांतले उपसर्गही असेच धातूपासून दूर राहत. हें कळलें म्हणजे नियम पाठ करण्याचें ओझें निम्म्यानें हलकें होतें.

म्हणूनच २०१४ सालीं जें घडलें तें दोन्ही भाषांच्या दृष्टीनें दुर्दैवी होय. २०११ च्या करारानुसार केंद्रीय विद्यालयांतून सहावी ते आठवीपर्यंत जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकविली जाऊं लागली होती, आणि सत्तर हजारांहून अधिक मुलें ती शिकत होतीं. २०१४ च्या नोव्हेंबरांत, शाळेचें वर्ष अर्ध्याहून अधिक सरलें असतां, तिच्या जागीं संस्कृत आणण्याचा निर्णय झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. तिसरी भाषा देशांतलीच असावी, या मागणीस आधार नव्हता असें नाहीं. परंतु वर्षाच्या मध्यावर पाटी पुसल्यानें दोन्ही भाषांस हानि पोंचली. ज्या भाषांनीं शतकभर एकमेकींस पोसलें, त्या एकमेकींच्या वैरिणी म्हणून मुलांपुढें उभ्या करण्यांत आल्या.

आतां काळ पुनः पालटला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत माध्यमिक शाळांत शिकवावयाच्या परकीय भाषांमध्यें जर्मनचें नांव आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचें बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यांत करार झाला. तेथें कुशल कामगारांची वाण आहे, आणि येथील दहा हजार तरुणांस भाषा शिकवून तिकडे पाठविण्याचा संकल्प त्यांत आहे. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक यांस ती भाषा आतां पोटासाठीं हवी आहे. नेरच्या मुलासही उद्यां ती हवीशी वाटेल, आणि त्यांत उणें मानण्याजोगें कांहींच नाहीं. पण रोग्याच्या उशाशीं उभी असलेली परिचारिका केवळ शब्द जाणून भागत नाहीं. कोणास ‘झी’ म्हणावें, कोणती थट्टा चालते, कोणत्या आठवणीनें म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरून येतात, हें तिला कळावें लागतें. तें पहिल्या वर्षाच्या पाठांत नसतें.

यास्तव नवे वर्ग उघडतांना, पहिल्या वर्षास मुलें किती आलीं हें मोजून थांबूं नये. दुसऱ्या वर्षाच्या शेवटीं किती उरलीं, तें पाहावें. त्या वर्षासाठीं मराठी जाणणारा, संस्कृताचा गंध असलेला आणि जर्मन इतिहासाचें बरेंवाईट दोन्ही निर्भीडपणें सांगणारा शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत मिळाला पाहिजे. मंडालेच्या कोठडींत एक कैदी पुस्तकांवरून शिकला, हें खरें. पण प्रत्येक मुलाकडून तशा तपश्चर्येची अपेक्षा करतां येत नाहीं, आणि शाळा असतात त्या याचसाठीं.