शेवाळाचा बटवा

पेठेतल्या मापांवर सरकारी शिक्का असल्यावाचून ज्याप्रमाणे धान्याचा व्यवहार निर्वेध चालत नसे, त्याचप्रमाणे समुद्रातील विषाची मोजदाद करणाऱ्या प्रयोगशाळांनाही सर्वमान्य प्रमाणद्रव्याची गरज भासली. १९६० च्या सुमारास हम्फ्री बोवेन या इंग्रज रसायनज्ञाने केल या पालेभाजीच्या पानांची एकजीव भुकटी जगभर वाटून प्रयोगशाळांचे हिशेब परस्परांशी ताडून पाहिले. पालेभाजीला हा मान मिळावा याचे कौतुक वाटते.

याच सुमारास, १९६१ मध्ये, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची (आयएईए) सागरी प्रयोगशाळा मोनॅकोत, तेथील अधिपती पहिल्या आल्बर्टने १९१० मध्ये उघडलेल्या समुद्रविज्ञान संग्रहालयात सुरू झाली. तिचे मूळ प्रयोजन किरणोत्साराची तपासणी हे होते, परंतु डीडीटी, पीसीबी आणि खनिज तेलाचे अंश यांची चिंता वाढत गेली तशी तिची दृष्टी सेंद्रिय प्रदूषकांकडेही वळली. फ्यूकस या तपकिरी शेवाळाचे ‘आयएईए-१४०’ हे प्रमाणद्रव्य त्याच परंपरेतले. शेवाळ वाळवून, दळून, चाळून, एकजीव करून बाटल्यांत भरायचे आणि देशोदेशीच्या प्रयोगशाळांना पाठवायचे. त्यांच्याकडून आलेल्या आकड्यांतील विसंगत ते बाजूला सारून सर्वसंमत मूल्य ठरवायचे, असा हा रिवाज. ज्याचे आकडे त्या मूल्याशी जुळेनात, त्याने समुद्राला दोष देण्यापूर्वी आपलेच दप्तर तपासावे.